आयुष्याची गळती

शिलाई कारखान्याची रात्रपाळी सुटली की फाटकासमोर, आयुष्य मोजून देणाऱ्या घटकाबाबाच्या खोलीपुढे बायकांची रांग लागायची. घड्याळं, मोबाइल टोपलीत ठेवायचे आणि बिनखिडकीच्या गार खोलीत गाद्यांवर ओळीने पडायचं. डोळे मिटतायत न मिटतायत तोच दार उघडायचं, आणि बाहेर बघावं तर दुपार कललेली.

"तुझं आयुष्य गळतंय," शर्टांना काजं करणाऱ्या काजवालीला बाबा म्हणाला. "एवढे तास गेले, कळले तरी का? लेक पोरकी होईल. तिच्या कानातले डूल आण, गळती बुजवतो."

काजवालीची पाचावर धारण बसली. घरीही डोळा लागू द्यायला ती भ्यायची. न जाणो, झोपेत उरलंसुरलं गळून जायचं. लेक कुशीत शिरली की ही डोळे ताणून आढ्याकडे बघत राहायची. आणि गंमत बघा, जितकी जागायची तितकी बाबाच्या खोलीत गळती वाढायची.

डूल काढताना लेक रडली, तेव्हा डॉक्टर नणंदेला सगळं कळलं.

"वहिनी, धड झोपलीस कधी?"

"झोपू कशी? मरायचंय का मला?"

"आज झोप. मी उशाशी बसते. काही गळालंच तर धरते."

काजवाली रजा टाकून मेल्यासारखी झोपली. सकाळी दोघी फाटकाशी गेल्या. तिचे टवटवीत डोळे बघून बाबा चाचरला, "आज मुहूर्त नाही."

"रांगेसमोर नाही म्हणताय?" नणंद म्हणाली आणि टपरीवरचा चहा घेऊन दारातच उभी राहिली.

काजवाली एकटीच आत गेली आणि दार लागलं. झोप येईना. अंधारात स्वतःचा श्वास ऐकत काजवाली पडून राहिली. दुपार झाली असेल. लेक शाळेतून येऊन कुलपाशी बसली असेल. आता आपण संपलोच. तिने दार बडवलं.

बाहेर कोवळं ऊन तसंच होतं.

"किती वेळ होते मी?"

"माझा चहा अजून गरम आहे." नणंद रांगेकडे वळली. "दमलेला माणूस झोपतो, त्याला तास कळत नाहीत. झोप झालेल्याला अंधारात मिनिट सरत नाही. दिवसपाळीला येणारी एक तरी बाई याने कधी आत घेतलीय?"

काजवालीने घाबऱ्या आवाजातच विचारलं, "मग आज माझं आयुष्य वाढलं का, बाबा?"

बाबाने टोपलीकडे हात नेला, पण बायका आधीच आपापली घड्याळं उचलत होत्या.

भीती वाटली तर जरूर वाटू द्या, पण कुणाला काही देण्याआधी एक झोप काढा आणि मग विचार करा. काजवालीने लेकीच्या कानात डूल घातले, आणि तिला कुशीत घेऊन भरदिवसा घोरायला लागली.