नागुबाईची आण

गुंजीच्या नागुबाईचा नागेंद्र हॉटेलात स्वयंपाकी म्हणून रशियाला गेला आणि महिनाभरात फौजेच्या कपड्यांत व्हिडिओ कॉलवर दिसला. एजंटानं फसवलं होतं. "आई, कायबी करून मला सोडव," एवढंच बोलला. खानापूर तालुक्यातली अशी पाच पोरं तिकडं अडकलेली. नागुबाईनं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडं एकच उत्तर, हे काम दिल्लीचं. मग खासदारकीची निवडणूक लागली आणि दिल्लीला निघालेली माणसं आपल्या पायांनी तिच्या दारात यायला लागली.

नागुबाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. त्यांतल्याच आदर्शची आई रुक्माबाई आणि बाकीच्या तिघी आया गोळा करून तिनं ठरवलं, जो उमेदवार पोरं आणायचं कबूल करील त्याला आपली मतं. तीही तोंडी नाही, देवळात बेलभंडारा उचलून. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन घातलेली आण आमच्याकडं स्टॅम्पपेपराहून जड.

रविराज नावाच्या उमेदवारानं हसत हसत भंडारा उचलला. "पयल्याच अधिवेशनात तुमची पोरं मागतो, आक्का. पण तुमीबी उचला."

नागुबाईनं मागंपुढं न बघता भंडारा घेतला आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशी बोलली, "माझं मत दुसऱ्याला गेलं तर माझा नागेंद्र मला दिसू नये." बाकीच्यांनीही तीच आण घेतली. भाबडेपणा म्हणा हवं तर, पण लेकरापेक्षा मोठं तिच्याजवळ होतं तरी काय?

मतदानाला चार दिवस असताना पुन्हा उभ्या राहिलेल्या आधीच्या खासदाराचा माणूस, ज्योतिबा, पाचही आयांकडं पत्र घेऊन आला. परराष्ट्र खात्याच्या नावानं, खाली खासदाराची सही, नावांची जागा तेवढी कोरी.

"उद्या दिल्लीला जातंय. आमच्यासाठी भंडारा उचला, पोरांची नावं घालतो."

"मी आण घेतलीया रं. पोराच्या जिवाची," नागुबाई म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे तुमचं."

रुक्माबाई उठली, देवळात गेली आणि दुसऱ्यांदा भंडारा उचलला. तिच्यामागून तिघीही गेल्या. नागुबाईनं त्यांना नाही नाही ते ऐकवलं. पोरांच्या जिवावर उठलात, म्हणाली. मत तिनं रविराजलाच दिलं.

रविराज पडला. पडलेल्याला आण कसली? त्यानं फोन उचलायचं सोडलं. पुन्हा निवडून आलेल्या त्याच खासदाराच्या ऑफिसात नागुबाई सात वेळा गेली; पुढची यादी निघाल्यावर बघू, म्हणाले.

चार महिन्यांनी चौघं सुटली. आदर्श गुंजीच्या स्टेशनात लंगडत उतरला. गावानं हार आणले होते. नागुबाईनं गर्दीत घुसून त्याचा हात धरला.

"माझा कुठं हाय रं?"

आदर्शनं आईकडं बघितलं, मग मान खाली घातली. "एकाच खोलीत हुतो, मावशी. सायबानं यादी वाचली. माझं नाव आल्यावर नागेंद्रबी पिशवी घिऊन उठला. यादी संपली तरी दारात हुबाच हुता."

"मग?"

"मग त्येला परत लढाईवर धाडलं."

रुक्माबाई धरायला पुढं आली, तर नागुबाईनं फलाटावरच तिचे पाय धरले.

"मोडायची अक्कल मला का न्हाय आली गं?"