राखणदाराच्या दारातला गाळ

बाळांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. डोंगरातून नदी उतरते आहे. तिच्यात बांबूच्या खुंट्या ठोकून घातलेला बंधारा. तिथून पाट निघतो आणि त्याच्या काठाने एकामागून एक आमची नऊ गावं. आता तुम्ही शेवटच्या, नवव्या गावात उभे आहात. पाट कोरडा ठणठणीत. वाफ्यातली भाताची रोपं पिवळी पडू लागली आहेत. चार दिवसांत लावणी झाली नाही, तर यंदाही भात नाही.

“आपलं गाव पडलं उंचावर. पाणी चढणार कसं?” मोठी माणसं दरवर्षी म्हणायची आणि मक्यावर भागवायची.

अकरा वर्षांच्या लामदुआनला ते पटेना. पुराचं पाणी तर सगळ्यांआधी आपल्याच अंगणात शिरतं! तिने गवंडीकाम करणाऱ्या मामाकडून पातळी बघायची पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक मैत्रिणीच्या हातात दिलं आणि दोन दिवस पाटाचा तळ मोजत फिरली.

गाव उंच नव्हतंच. उंच होती एकच जागा, आठव्या गावाच्या पुढे, पाटाच्या राखणदार देवाच्या देवळीसमोरची वीस पावलं. गाळ काढताना दरवर्षी सगळ्यांच्या कुदळी तिथे थांबायच्या. देवाच्या दारात घाव कसा घालायचा? त्यामुळे गाळ वर्षानुवर्षं साठत गेला होता.

गावच्या बैठकीत तिने हे सांगितलं, तशी सीनुआन मावशी कडाडली, “एवढीशी पोर, नळी घेऊन देवाची चूक काढतेस होय गं?”

“देवाची नाही मावशी, आपली. त्याच्या दारात आपणच घाण साठू दिली. तुमच्या दारात कुणी अशी साठू दिली तर?”

“सीनुआनच्या दारात?” म्हातारे पाटकरी इनता आजोबा म्हणाले. “तो माणूस धडपणे घरी पोचायचा नाही!”

सगळे खो-खो हसले. मावशीलाही हसू आवरेना.

“पण विचारायचं देवालाच,” आजोबांनी ठरवलं.

सकाळी देवळीपुढे उकडलेली कोंबडी आणि चिकट भात ठेवला. मग आजोबांनी कोंबडीच्या जबड्याचं हाड सोडवून उन्हात धरलं. टोकं सारखी निघाली, तर देवाचा होकार. दोन्ही टोकं अगदी सारखी, पुढे झुकलेली.

“हो म्हणतोय रे! खणा!”

पहिला घाव आजोबांचा, दुसरा सीनुआन मावशीचा. आठव्या गावची माणसंसुद्धा टोपल्या घेऊन धावली. दुपारपर्यंत वीस पावलांचा गाळ काठावर गेला. शेवटचं ढेकूळ निघालं आणि मागे तुंबलेलं तांबूस पाणी क्षणभर थबकून, फेस उडवत, नवव्या गावाच्या दिशेने सुटलं.

“आलं! आलं!” माणसं चिखलातच नाचू लागली.

आणि लामदुआन? तिने कोरड्या पाटात उडी टाकली आणि पाण्याच्या पुढे पुढे पळत सुटली, गावाकडे तोंड करून ओरडत, “लावणीला रोपं उपटायला घ्या! पाणी माझ्या मागेच आहे!”