सांगितल्याप्रमाणे

दारूबंदी आली त्या साली आमच्या घरातली दारू सुटली, पण त्यात सरकारचा काही हात नव्हता. बंदीनंतरही माझ्या यजमानांना, विक्रमरावांना, हवी ती बाटली कुठून ना कुठून मिळतच होती. सोडवली ती नामपल्लीच्या पलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टर पद्मावतींनी, आणि यांना तिथं भरती करण्यासाठी मी जी पायपीट केली तिच्या नुसत्या आठवणीनं आजही माझे पाय भरून येतात. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "देखो अम्मा, शराब एक बीमारी है, मिज़ाज दूसरी." यांच्या आत यांचं स्वतःचं असं काही नाही, समोरचा जसा असेल तसे हे होतात, आणि एकटे पडले की ती रिकामी जागा दारूनं भरतात; म्हणून दोन्हींवर इलाज एकदमच करायचा, गोळ्याही द्यायच्या आणि दर शनिवारी बसून बोलायचंही. मी मान डोलावली. त्या वेळी कुणी यांच्या पत्रिकेतले ग्रह बदलून देतो म्हणालं असतं तरी मी डोलावली असती.

हिवाळा सरता सरता हे घरी आले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि आवाज इतका मऊ की सासूबाईंनी आत जाऊन डोळे पुसले. मी जामबागेतल्या शाळेत दिवसभर पोरांवर ओरडून आलेली, मला रडायचंही त्राण नव्हतं. चहा ठेवला तर यांनी विचारलं, "मी साखर किती घ्यायचो?"

मला थट्टा वाटली. मग यांच्या तोंडाकडे पाहिलं. कारखान्यातल्या मशीनचे नंबर, साहेबांची नावं, कुठली बस कुठून वळते ते यांना सगळं पाठ होतं. घरात आपण कसे वागायचो, एवढंच नेमकं गेलं होतं. "साखर घ्यायचाच नाहीत," मी म्हटलं. का म्हटलं ते देवाला ठाऊक. डबा वरच्या फळीवर होता आणि हात वर करायचा मला कंटाळा आला होता. यांनी तो बिनसाखरेचा चहा संपवला, आणि त्या दिवसापासून तसाच पीत राहिले.

हौस म्हणा, दमणूक म्हणा, मग मला चटकच लागली. मी शाळेतून आले की तुम्ही मला पाणी आणून द्यायचात, मी म्हटलं. "पेल्यात की तांब्यात?" यांनी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी दारातच पेला पुढे आला. सुलतान बाजारातून माझ्यासाठी गजरा आणायचात, मी म्हटलं. "मोगरा की कनकांबरं?" संध्याकाळी केळीच्या पानात कनकांबरं. मी सांगायचा अवकाश, हे बारीकसारीक विचारून घ्यायचे, आणि ती सवय जन्मापासूनची असावी तशी यांच्या अंगी मुरायची. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला हवा तसा नवरा मी बसल्या जागी करून घेत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

एकदा मी गजरा माळत असताना सासूबाई म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून एक दिवस चुकला नाही बघ याचा." मी हसले. वय झालं, म्हटलं. पण मग हेही सांगू लागले: शहरात कर्फ्यू होता तेव्हा फुलं कशी कुठेच मिळेनात, गल्लीबोळातून कोठीच्या बाजारापर्यंत कसे गेले, फुलवाली काय म्हणाली. यातलं मी यांना काहीही सांगितलेलं नव्हतं. शेजारच्या मीनालाही तो कर्फ्यूतला गजरा आठवत होता, त्याचा रंगसुद्धा.

तेव्हा मी सासूबाईंपुढे माझा डावा कोपर धरला. तो पुरता सरळ होत नाही. मोडला त्या दिवशी त्या समोरच उभ्या होत्या, हळदीचा लेप त्यांनीच लावला होता. "न्हाणीत पडलीस ना तू," त्या मायेनं म्हणाल्या. लोकांना तसं सांगायचं हे आम्ही दोघींनीच ठरवलं होतं, पण आता त्या ठरवलेलं सांगत नव्हत्या, आठवून सांगत होत्या. मला भडभडून आलं. मार खाल्ला तो खाल्ला, त्याचं आता मला काही करायचं नव्हतं. पण तो झाला होता, हे एका तरी माणसानं कबूल करावं, एवढंच मला हवं होतं. नाहीतर एवढी वर्षं मी काढली कशी आणि कुणापाशी?

शनिवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं, माझं गजऱ्याचं खोटंसुद्धा. त्यांनी कपाळ चोळलं. त्याही थकलेल्या होत्या. बाहेर बाकावर माझ्यासारख्याच बायका ओळीनं बसल्या होत्या. "घर में सच बोलो अम्मा," त्या म्हणाल्या, "उसने क्या किया, उसको मालूम होना. नहीं तो आधाच इलाज होता."

रविवारी दुपारी सासूबाई मीनाकडे केबलवरचा सिनेमा बघायला गेल्या. मी यांना समोर बसवलं आणि म्हटलं, "तुम्ही मला मारायचात."

हे रागावले नाहीत, यांचा चेहराही उतरला नाही. खुर्ची थोडी पुढे ओढून, नीट लक्ष देऊन ऐकू लागले. पिऊन आल्यावर मारायचात, मी म्हटलं, आणि न पिताही. भाजी अळणी झाली म्हणून, माझा भाऊ भेटायला आला म्हणून, कधी मी नुसती गप्प बसले म्हणून. कोपर दाखवला. इतक्या वर्षांत हे मी मोठ्यानं कधी बोललेच नव्हते, आणि बोलून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की तिथंच भिंतीला टेकून झोपून जावं. माफी नको होती. यांनी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी मला पुरलं असतं.

यांनी माझा कोपर नीट पाहून घेतला. मग त्याच मऊ आवाजात यांनी विचारलं, "कोणत्या हातानं?"

"उजव्या," मी सवयीनं सांगून टाकलं.