सोमवारी पुसलेली घरं

सोमवारी संध्याकाळी देवस्थानच्या कचेरीसमोर अर्धा गाव जमला होता, आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आज कृष्णनाथांचं घर पुसलं गेलं होतं.

पेडण्याजवळच्या या गावात देवस्थान दर आठवड्याला एका घराचे जुने कागद संगणकात उतरवत होतं, एका घराला एक फोल्डर. आजचा धरून तीन सोमवारी तीन फोल्डर कोरे झाले. मूळ कागद कपाटात शाबूत होते, पण पहिल्या घरातला नव्वदीचा म्हातारा चौथ्या दिवशी वारला, आणि देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या विठ्ठल घाड्याला तेवढं पुरलं. गावाचा राखणदार देव यंत्रात शिरलाय, घर पुसलं की सात दिवसांत कर्ता जाणार, असं त्यानं जाहीर केलं. दुसऱ्या घराचा कर्ता परगावी होता म्हणून वाचला, असं तो म्हणत होता. उपाय म्हणून दर सोमवारी सकाळपासून संगणकाला बाहेरून जोडलेली डिस्क काढून कचेरीसमोरच्या राखणदाराच्या दगडापुढे ठेवायची होती.

"बारा वाटांच्या राखणदारा, ह्या यंत्रात तुजी वाट अडली आसात, ती मोकळी कर!" घाड्यानं गाऱ्हाणं घातलं.

"व्हय म्हाराजा," गाव पुटपुटला. दगडावर चार थेंब दारू पडली, उरलेली बाटली घाड्याच्या पिशवीत गेली.

कृष्णनाथांनी त्याच दिवसापासून हृदयाच्या गोळ्या सोडल्या. बुधवारी त्यांची लेक सुविधा डिचोलीहून आली, तेव्हा त्यांचे ओठ काळवंडले होते.

"घर पुसला गो बाय. आता गोळये खावन काय करतलंय?"

सुविधा कॉलेजात संगणक शिकवत होती. ती तडक कचेरीत गेली आणि तिथे कागद संगणकात उतरवणाऱ्या अक्षयनं लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला दिलेले हुकूम, वाचली. ओळी दोनच होत्या. डिस्कवरच्या कच्च्या, तात्पुरत्या प्रतींच्या फोल्डरमध्ये जा. मग समोरचं सगळं पुसून टाक. दर सोमवारी एका घराचं काम संपलं की अक्षय ती चालवायचा. पहिल्या सोमवारी डिस्क तो घरी विसरला होता, पुढच्या दोन सोमवारी ती दगडापुढे होती.

तिनं वडिलांना आणि गावाला कचेरीत बोलावलं. घाड्याच्या नावाचा फोल्डर करूया का, असं विचारताच तो देवाची परीक्षा घेऊ नये म्हणत मागे सरकला. मग तिनं स्वतःच्या नावाचा फोल्डर केला, त्यात आपले फोटो टाकले, डिस्क काढली आणि स्क्रिप्ट चालवली. फोटो गेले. कृष्णनाथ भिंतीला धरून उठले.

तिनं समजावलं, की डिस्कच नाही तर स्क्रिप्टला तिथली वाट सापडत नाही. पण ती थांबत नाही. ज्या घराचं काम चाललंय त्याच्याच फोल्डरात उभी राहून दुसरी ओळ पाळते. मग तिनं 'पोचलास तरच पूस' एवढी अट घातली. फोटो पुन्हा टाकले, डिस्क न लावताच स्क्रिप्ट चालवली. या वेळी काही गेलं नाही. घाड्याच्या उपायानंच घरं पुसली जात होती, हे सगळ्यांना कळलं.

यंत्र बिघडलं तर ते उघडून बघावं, एवढं साधं होतं. त्याऐवजी एक माणूस औषधावाचून मरायला बसला होता आणि गाव त्याला व्हय म्हणत होता.

सुविधानं गोळी वडिलांपुढे धरली. "बाबा, आता माजाय घर पुसला. घाड्याचा खरा वाटता तर माका रडूक बसा. नायतर ही घेया."

कृष्णनाथांनी पाण्यासाठी हात पुढे केला.