चष्म्यासारखं अक्षर

लक्ष्मीकांत भोळे याला लखनौत येऊन चौदा महिने झाले होते आणि एवढ्या काळात त्याच्या आडनावातला ळ कुणाच्या तोंडून बरोबर निघाला होता तो एकदाच. बाकी सगळ्या शहराच्या लेखी तो भोले. आता हिंदीत भोले म्हणजे एक तर शंकर, नाही तर बावळट. समोरच्याला कोणता अर्थ म्हणायचाय ते वारावरून ठरवावं लागे. सोमवारी निशातगंजच्या त्याच्या बँकेतले लोक त्याला बघून हात जोडत. उरलेले पाच दिवस दुसरा अर्थ चाले. शिवरात्रीला कॅशियरनं त्याच्या टेबलावर बेलाची पानं ठेवली, तेव्हा लक्ष्मीकांतनं त्यांच्यावर आवक शिक्का मारला आणि ती फायलीला लावून टाकली. टेबलावरच्या पाटीतला ल बदलून मिळावा म्हणून त्यानं अर्जही केला होता. सदर अक्षर उपलब्ध नाही, असं त्यावर लेखी उत्तर आलं.

हे सगळं त्यानं हसण्यावारी नेलं होतं. पण डिसेंबरातल्या एका रविवारी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला आणि बोलता बोलता त्यानं विचारलं, “आई, जलगावला थंडी आहे का?”

मीटरचे लाल आकडे तेवढे पळत होते.

“आहे,” आई म्हणाली. “जळगावलाही आहे.”

फोन ठेवून तो बूथच्या काचेत स्वतःकडे बघत राहिला. बाकी काही हरवलं तर पोलिसात तरी जाता येतं. त्या दिवसापासून तो खोलीत रोज तालीम करू लागला. केळं, बाळ, मूळव्याध, गुळाची पोळी. तिसऱ्या दिवशी घरमालकांनी गुळण्या करायला गरम पाणी आणि मीठ वर पाठवलं. पण खरी अडचण वेगळीच होती. आपला ळ नीट लागतोय की नाही हे आपलं आपल्याला कळत नाही, जशा स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. ऐकणारा मराठी माणूस लागतो. तोंडातून हे अक्षर एकदा गेलं, की आईशी बोलायला काय उरणार, हे काही त्याला कळत नव्हतं. विचार करायला लागला की झोप लागत नसे.

ज्यांनी तो एकमेव बरोबर ळ उच्चारला होता, ते म्हणजे दत्तात्रय पळसुले. मानक नगरला रेल्वेत इंजिनिअर, आणि मराठी मंडळाचे सचिव. डिमांड ड्राफ्ट काढायला आले होते. पाटी वाचून म्हणाले, “भोळे का? लेवा पाटील?” लक्ष्मीकांतला इतकं भरून आलं की त्यानं ड्राफ्टवर स्वतःच्या सहीऐवजी ‘होय’ असं लिहिलं. दुसरा ड्राफ्ट बनवावा लागला. पळसुल्यांनी पत्ता टिपून घेतला आणि मंडळाचा काही कार्यक्रम ठरला की कळवतो म्हणाले.

आणि त्यांनी कळवलं. पण पोस्टमन नवा होता. ‘श्री. भोळे, शिवमंदिरामागे, निशातगंज’ एवढा पत्ता वाचून त्यानं कार्ड सरळ मंदिरात दिलं. त्याची तरी काय चूक. पुजाऱ्याला मजकूर कळला नाही, पण पत्र कुणाच्या नावाचं आहे ते कळलं, म्हणून त्यानं ते भक्तिभावानं पिंडीपाशी ठेवलं. पुढं कधीतरी घरमालकांच्या ते नजरेला पडलं. कार्ड लक्ष्मीकांतच्या हातात आलं ते अभिषेक होऊन, कडेला गंध लागून. मजकूर तरीही वाचता येत होता. येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता संक्रांतीनिमित्त मंडळाची सहल. ठिकाण छावणीतलं युद्धस्मारक आणि त्याची बाग. सर्वांनी मुख्य दारापाशी जमावे, आपापला डबा आणावा. गुळाच्या पोळ्या कांचनवहिनी आणणार आहेत.

संक्रांत होऊन गेली होती, पण आपल्याकडं तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, तेव्हा शंका यायचं काही कारण नव्हतं. रविवारी तो पहाटेच उठला, स्टोव्हवर पोहे केले, आणि मंडळाच्या चाळीस माणसांत आपण एकटाच सडाफटिंग म्हणून पाच जणांना पुरतील एवढे केले. धुकं इतकं होतं की टेम्पोचा पुढचा भाग लखनौत आणि मागचा कुठं आहे ते सांगता येत नव्हतं. हजरतगंजला उतरून त्यानं रिक्षा केली. छावणीत शिरल्यावर झाडांचे बुंधे एका उंचीपर्यंत चुन्यानं रंगवलेले दिसले, जणू तीसुद्धा गणवेशात होती. तो दहा चाळीसला दारापाशी पोचला.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. धुकं उतरलं आणि ऊन पडलं, तशी बाग भरायला लागली. दाराजवळच्या चौथऱ्यावर एक जुना रणगाडा होता. एक कुटुंब त्याच्या तोफेखाली ओळीनं उभं राहून फोटो काढून घेत होतं. हिरवळीवर जागोजागी सतरंज्या पसरल्या गेल्या, मटाराच्या शेंगा सोलल्या जाऊ लागल्या, बायका लोकर घेऊन बसल्या. प्रत्येक सतरंजीवरून कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. लक्ष्मीकांत दाराशी डबा घेऊन उभा होता. दोघांनी त्याला तिकीट किती म्हणून विचारलं. त्यानं तिकीट नाही असं सांगितल्यावर त्यांनी त्याचे आभार मानले. चौदा महिन्यांत एवढ्या आदरानं त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं.

पाऊण वाजता त्यानं कार्ड पुन्हा काढलं. कार्डात तारीख नव्हती, ‘येत्या रविवारी’ एवढंच. मग त्यानं पोस्टाचा शिक्का गंधाखालून खरवडून वाचला. अकरा दिवसांपूर्वीचा. येता रविवार येऊन गेला होता. चाळीस मराठी माणसं या हिरवळीवर जेवून, तिळगूळ घेऊन, गोड बोलून आपापल्या घरी गेली होती, आणि गुळाच्या पोळ्या संपल्या होत्या. त्या वेळी त्याचं आमंत्रण महादेवासमोर होतं. महादेवही गेला नाही.

तो आत गेला तो केवळ परत जायचं जिवावर आलं म्हणून. बागेच्या टोकाला काळ्या दगडाची लांब भिंत होती आणि तिच्यावर युद्धात कामी आलेल्यांची नावं कोरलेली होती. तिथं गर्दी नव्हती. तो एकेक नाव वाचत चालला. सिंह, यादव, खान, सिंह, थापा, सिंह. एकाहत्तर सालाच्या खाली, त्याच्या छातीच्या उंचीला, लिहिलं होतं: सिपाही भोले.

पुढं काही नाही, मागं काही नाही. लक्ष्मीकांतनं इकडं तिकडं पाहिलं आणि बोटानं तो ल चाचपला. याचीही तीच गत, त्याच्या मनात आलं. माणूस गावाकडनं उठून इथवर आला, लढला, मेला, आणि त्याच्याही पाटीला सदर अक्षर उपलब्ध नव्हतं. स्वतःच्या ळसाठी तो इतके दिवस रडकुंडीला आला होता, पण राग आला तो आज, दुसऱ्याच्या ळसाठी. तो तडक देखभाल करणाऱ्याच्या खोलीकडं गेला.

खोलीत हवालदार रामसजीवन तिवारी नावाचे एक निवृत्त गृहस्थ बसले होते. मफलर, वर टोपी, समोर दोन वह्या. लक्ष्मीकांतनं नम्रपणे सांगितलं की भिंतीवर एक नाव चुकलं आहे. कोणतं, त्यांनी विचारलं. भोळे, तो म्हणाला. तेच तर लिहिलंय, ते म्हणाले. भोले नव्हे, भोळे. हेच तर म्हणतोय मी, भोले. असं बराच वेळ चाललं. शेवटी लक्ष्मीकांतनं कागदावर ळ काढून दाखवला. हवालदारांनी कागद हातभर लांब धरला.

“ये तो चश्मा है,” ते म्हणाले.

मग चष्मा कसा वाचायचा ते त्यानं शिकवलं. जीभ मागं वळवायची, टाळूला लावायची आणि सोडायची. हवालदारांनी आज्ञाधारकपणे पाच सहा वेळा प्रयत्न केला. ड आला, र आला, एकदा दोन्ही मिळून खोकला आला. लक्ष्मीकांत मात्र प्रत्येक वेळी म्हणून दाखवत होता, भोळे, जळगाव, पोळी, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं की हवालदार त्याच्या तोंडाकडं टक लावून बघताहेत. जादूगाराकडं बघावं तसे.

“आपके कौन लगते थे?” त्यांनी विचारलं.

आता खरं उत्तर होतं, भाऊबंद. एका आडनावाचे, भावकीतले, म्हणजे ओळख ना देख पण लग्नपत्रिकेत नाव घालावं लागतं असे. हे हिंदीत कसं सांगणार? त्यानं शब्द शोधला, तो मिळाला नाही, आणि जो हाताशी आला तो त्यानं देऊन टाकला.

“भाई.”

हवालदार उठून उभे राहिले. त्यांनी कोटाची बटणं लावली, मफलर काढून खुर्चीवर ठेवला आणि लक्ष्मीकांतला कडक सलाम ठोकला. लक्ष्मीकांतनं उलट नमस्कार केला, मग सलाम केला, मग हात कुठं ठेवावा हे न सुचून डबा छातीशी धरला. ते म्हणाले, भोलेच्या नावावर आजवर कुणी आलं नाही. अकरा वर्षं मी इथं आहे. बाकीच्यांच्या आया येतात, नातू येतात. याला मीच सणासुदीला फूल ठेवतो. तुम्ही तेव्हा फार लहान असाल. लक्ष्मीकांत म्हणाला की तो एक वर्षाचा होता. हे मात्र शब्दशः खरं होतं.

त्यांनी पहिली वही उघडून शाईच्या पेनानं सावकाश नोंद केली. तारीख. भेट देणाऱ्याचे नाव: तिथं जागा सोडली, ते तुम्ही लिहा म्हणाले. शहिदाचे नाव: सिपाही भोले. नाते: भाई. मग दोघं भिंतीपाशी गेले. दोन मिनिटांच्या शांततेला दोघं कमी पडतात असं हवालदारांना वाटलं, म्हणून त्यांनी माळ्याला बोलावलं. माळी हातातल्या पाण्याच्या झारीसकट सावधान उभा राहिला. झारी गळत होती. पाठीमागं सतरंज्यांवरचं हसणं ऐकू येत होतं, आणि लक्ष्मीकांतला दुसऱ्या मिनिटाला, काहीही कारण नसताना, रडू आलं. रडणारा माणूस भाऊ नाही असं कोण म्हणेल? हवालदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आपल्या अंगाला कुणाचा हात लागून किती दिवस झाले, ते तो मनात मोजायला लागला आणि मग त्यानं मोजणं सोडून दिलं.

खोलीत परतल्यावर चहा आला. गावचा पत्ता जुळवून घ्यावा म्हणून हवालदारांनी समोरची दुसरी, जाड वही ओढली. बोट फिरवत पान शोधलं आणि मोठ्यानं वाचलं. सिपाही भोले. वडिलांचं नाव छेदीलाल. जिल्हा हरदोई.

हरदोई लखनौपासून अडीच तासांवर आहे.

चहावर साय धरली. लक्ष्मीकांतच्या वडिलांचं नाव राजाराम होतं आणि ते जळगावला जिवंत होते. हवालदारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग टेबलावरचा तो ळ काढलेला कागद उचलून बराच वेळ पाहिला.

“हरदोई में ये अक्षर होता नहीं है साहब,” ते म्हणाले.

लक्ष्मीकांत म्हणाला की नसतं. मग त्यानं सगळं सांगून टाकलं. आडनाव, पाटी, फोन, महादेवाला गेलेलं कार्ड, रविवार. जिथं हिंदी संपली तिथं तो मराठीत सांगत राहिला आणि हवालदार मान डोलावत राहिले. शेवटी तो म्हणाला, माझी चूक झाली, ते नातं तेवढं खोडून टाका.

हवालदारांनी पहिली वही त्याच्याकडं फिरवली आणि वरच्या कोपऱ्यातल्या छापील ओळीवर बोट ठेवलं. काट-छाँट करना सख़्त मना है.

“लिख गया तो लिख गया,” ते म्हणाले. “डिब्बे में क्या है?”

पोहे होते. थंडीनं कडक झालेले, पाच जणांचे. हवालदार म्हणाले, हा तर चूडा, आमच्याकडं यात मटार घालतात. माळ्यालाही बोलावलं. तिघांनी ते वर्तमानपत्रावर घेऊन संपवले. लिंबू कमी पडलं होतं, पण ते कुणी बोललं नाही. माळ्यानं विचारलं, साहेब कोण? हवालदार म्हणाले, भोले का भाई.

निघताना त्यांनी पेन पुढं केलं. नावाची जागा अजून कोरी होती. लक्ष्मीकांतनं लक्ष्मीकांत लिहिलं, राजाराम लिहिलं, आणि आडनावापाशी थांबला. चौदा महिन्यांत ज्या अक्षरासाठी त्यानं अर्ज केला होता, ते इथं लिहायला कुणाची मनाई नव्हती. त्यानं खालच्या रकान्यातलं नाव पाहिलं आणि त्याच्याशी जुळेल असं, सावकाश, भोले लिहिलं.

“आपका चश्मा रह गया,” हवालदार म्हणाले.

“घर पे है,” लक्ष्मीकांत म्हणाला.

संध्याकाळी त्यानं बूथवरून फोन लावला. आईनं विचारलं, रविवारचा कुठं गेला होतास, मंडळात का? तो म्हणाला, नाही, भावाकडं. तिनं विचारलं, कुठला रे भाऊ तिकडं? काचेबाहेर धुकं परत उतरत होतं, रांगेतला पुढचा माणूस हातावर हात चोळत होता.

“हरदोईचा,” तो म्हणाला. “आपल्यातला नाही. पण भोळेच.”

“आज नीट म्हणालास,” आई म्हणाली, आणि जेवलास का विचारलं.