भिंतीपलीकडची खर्र-टक्

आमच्या घरात सरकार म्हणजे माझी नात. अजून धड मानही धरत नाही, पण तिच्या मर्जीशिवाय घरात भांडं वाजत नाही. मुलगा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेलेला, त्यामुळे सरकारच्या सेवेला आम्ही दोघंच, मी आणि माझी सून.

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचो. डोळे मिटून उभं करा, लिफ्ट भरलेली चाललीय की रिकामी, हे मी बिनचूक ओळखणार. सून म्हणते, हे मी तिला लग्न ठरलं त्याच दिवशी ऐकवलं होतं आणि तेव्हापासून दर आठवड्याला ऐकवतो. ऐकवतो, त्यात काय एवढं. सांगण्यासारखी माझ्याकडे ही एकच गोष्ट आहे.

तर असल्या या कानांच्या माणसाला, नातीची झोप उडाली तेव्हा काही म्हणजे काही कळलं नाही. दुपारी गाढ झोपणारी पोर एकाएकी झोपेनाशी झाली. डॉक्टरीणबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या तब्येत ठणठणीत आहे. रात्री सरकार तशीही जागीच असायची, त्यामुळे सूनबाईची काय झोप व्हायची ती दुपारी, पोरीबरोबर. आता तीही गेली. एकदा मी चहाला म्हणून स्वयंपाकघरात गेलो तर ही ओट्याशी उभी, खांद्यावर पोर, समोर खळखळतं पाणी, आणि डोळे मिटलेले. मी पोर काढून घेतली तशी ती दचकून जागी झाली आणि रडायलाच लागली.

"बाबा, माझ्या हातून काहीतरी होणार," ती म्हणाली. "मला भीती वाटते हो."

तिला बसवलं, चहा मीच केला. तो पिता पिता ती म्हणाली, "भिंतीतून तो आवाज यायचा ना, तो बंद झालाय बघा. सरकार त्याच्यावरच झोपायची."

"कुठला आवाज?"

"खर्र... टक्. खर्र... टक्. दुपारभर यायचा की. तुम्ही टीव्हीसमोर घोरत असायचा."

एवढे नावाजलेले कान, आणि सांगणार सून. पण हार मानेन तर मी कसला. "दाराचा आवाज आहे," मी लगेच निकाल दिला. "लिफ्टचं दार. घासतंय आणि मग खाचेत बसतंय." खाली गेलो, आमच्या इमारतीच्या लिफ्टचं दार मजल्यामजल्यावर उघडून पाहिलं. जराही कुरकुर नाही. मग वरच्या मजल्यावर गेलो. तिथे राहणाऱ्याला आम्ही पहिलवान म्हणतो, कारण त्याने घरात पळायचं यंत्र आणलंय. यंत्र होतं, पण त्यावर कपडे वाळत घातले होते. शेवटी घरी येऊन तसा आवाज काढायला मीच कपाटाचा खण उघडबंद करायला लागलो. सरकारने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि दुप्पट जोरात भोकाड पसरलं.

"शेजारी विचारा ना बाबा," सून म्हणाली. "भिंत त्यांची आणि आपली एकच आहे."

शेजारच्या बाई नुकत्याच राहायला आलेल्या, एकट्याच. जिन्यात भेटल्या की मान खाली घालून जायच्या. मी त्यांना शिष्ट ठरवून मोकळा झालो होतो. पण आता अडलो होतो मी. घंटा वाजवली. दार जेमतेम तोंड दिसेल एवढं उघडलं, आणि मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बंद केलंय हो मी, भाऊ. अजून येतोय का आवाज?"

"काय बंद केलंय?"

त्यांनी दार उघडलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्वेटर विणायचं यंत्र मांडलेलं होतं. सुयांची लांबलचक रांग आणि तिच्यावरून हाताने इकडून तिकडे सरकवायचा एक ठोकळा. ओटा अडल्यामुळे शेगडी खाली जमिनीवर आली होती, आणि यंत्राशी बसायला एवढीच जागा, की कोपर भिंतीला आपटावं.

"शाळांचे स्वेटर विणते," बाई म्हणाल्या. "मागे एकदा बाळ फार रडत होतं. म्हटलं, माझ्यामुळेच उठलं असणार. आधीची दोन घरं या आवाजापायी सोडावी लागली. इथे कुणी बोलायच्या आत मीच यंत्र तुमच्या भिंतीलगतच्या खोलीतून इकडे आणलं."

"बाई, मी तक्रार करायला नाही आलो," मी म्हणालो. "आवाज मागायला आलोय."

"थट्टा करताय गरिबाची."

मग सगळं सांगितलं. पोरीचं, सुनेचं, उकळत्या पाण्याचं. ऐकता ऐकता त्या स्टुलावर बसल्या आणि बाहीने डोळे पुसायला लागल्या. "याला आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं हो," म्हणाल्या.

आम्ही दोघांनी यंत्र उचलून पुन्हा भिंतीशी नेलं. टेबल जरा डुगडुगत होतं, मी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. बाईंनी लोकर ओवली आणि ठोकळा सरकवला. खर्र... टक्.

घरी आलो तेव्हा सरकारचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं. बघता बघता तेही थांबलं. सून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपली, तोंड उघडं, मांडीवर पोर. मी दोघींवर चादर घातली आणि कुणी घंटा वाजवू नये म्हणून दार उघडून उंबऱ्यात बसलो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

उन्हं उतरली तरी दोघी झोपलेल्याच. आणि मग तो आवाज बदलला. थांबला नाही, हलका झाला. सुनेला हा फरक कळला नसता, पण मला कळला. लिफ्ट रिकामी चालली होती.

मी पाऊल न वाजवता शेजारी गेलो. बाईंचं दार नुसतं लोटलेलं होतं. विणून झालेल्या स्वेटरांचा ढीग बाजूला पडला होता आणि सुयांवर एक धागा नव्हता. एका हाताने दुखरा खांदा दाबत त्या दुसऱ्या हाताने ठोकळा सरकवत होत्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"लोकर केव्हाच संपली," त्या कुजबुजल्या. "झोपल्यात ना दोघी? म्हटलं, होऊ दे त्यांची झोप."

"फार उपकार झाले, बाई," एवढंच म्हणालो.

"उपकार कसले हो, भाऊ."

मी दुसरं स्टूल ओढलं. "सरका जरा. खांद्याला विसावा द्या, आता मी बसतो."

"शेवटपर्यंत न्या हं," त्या म्हणाल्या. "टक् झालं पाहिजे."

मी ठोकळा धरला आणि सावकाश शेवटपर्यंत नेला. पलीकडे कुणी जागं झालं नाही.