आमेन होईपर्यंत

फोरमनच्या घरात आमेन झाल्याशिवाय कोणी डोळे उघडत नसे. मग ताटातलं निवो, दारात कोणी ताटकळो, की शेगडीवर काही करपो. प्रार्थना लांबलचक असायची. सूतगिरणीत दिवसभर साहेबापुढे ‘हो सर, बरं सर’ यापलीकडे त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. ते सगळं तुंबलेलं बोलणं तो जेवणाआधी देवापुढे मोकळं करी, आणि देव बिचारा उठून जाऊ शकत नव्हता.

मी साहेबाच्या अधीन, तू माझ्या, पोरगी तुझ्या. ही उतरंड देवाने रचली आहे, असं तो बायकोला ऐकवायचा. पत्नीने पतीच्या अधीन असावं, हे पवित्र शास्त्रातलं पान त्याला तोंडपाठ होतं. त्याच पानावर थोडं पुढे, ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तसं पतीने पत्नीवर प्रेम करावं, असंही लिहिलेलं आहे. तिथवर पोचायच्या आत फोरमनला भूक लागायची.

पोरगी शाळेत होती तेव्हाची गोष्ट. प्रार्थना चालू असताना कढईतल्या तेलाने पेट घेतला. बायको धावली, झाकण टाकून तिने आग विझवली, त्यात उजवा हात मनगटापर्यंत भाजला. ती नळाकडे वळली तसा फोरमन डोळे न उघडताच म्हणाला, “बस. आमेन झालेलं नाही.” आणि त्याने प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली. तिच्या हाताला पाणी मिळालं ते आमेननंतर. दोन बोटं एकमेकांना चिकटली ती कायमचीच.

बँडेज बांधलेला हात घेऊन ती चर्चच्या पाळकांकडे गेली. पाळक भला माणूस, पण भिडस्त. फोरमन मंडळीतलं बडं प्रस्थ. ते म्हणाले, बाई, अधीनतेने दगडालाही पाझर फुटतो, सोसत राहा. कुठवर, असं तिने विचारलं. शेवटपर्यंत, असं ते म्हणाले. तिने मान डोलावली. वडीलधाऱ्यांचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता.

पुढे पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. सोमवारी हजर व्हायचं होतं. पण साहेबांच्या आईला उठवायला-बसवायला बाई हवी होती, आणि फोरमन परस्पर पोरीचं नाव सांगून मोकळा झाला होता. पोरीने एकदाच तोंड उघडलं, तर त्याने तिचं जेवणच बंद केलं. बायको रात्री चोरून पाव द्यायची.

रविवारी चर्चहून आल्यावर त्याने पोरीला टेबलाशी बसवलं. सूप वाढलेलं होतं. तो देवाला म्हणाला, हिचा ताठा मोड, हिची मान वाकव. दुसऱ्यांदा ‘मान’ म्हणताना जीभ अडखळली. मग नुसती घरघर.

पोरीने डोळे उघडले. बापाचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, हात सुपात पडला होता. आईचे डोळे उघडेच होते. ती बराच वेळ बघत असावी.

पोरगी खुर्ची सारून उठू लागली, तोच आईने तिचं मनगट धरलं. त्या चिकटलेल्या बोटांत एवढी ताकद असेल असं पोरीला वाटलं नव्हतं.

“बस. आमेन झालेलं नाही.”

“आई, त्यांना झटका आलाय. आत्ता नेलं तर बरे होतील.”

“या घरात मधेच उठत नाहीत.”

सुपावर जाड थर धरला, तेव्हा कुठे आईने हात सोडला.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर वाचा राहिली असती. साहेबांनी फळं पाठवली आणि दुसरा फोरमन नेमला. आईने मात्र सोमवारीच पोरीची बॅग भरून दिली होती.

पाळक अधूनमधून घरी येत. अंथरुणावरच्या फोरमनचे कपडे झकपक, चादर स्वच्छ, बायको हात जोडून उभी. त्यांनी उपदेशात तिचा दाखला दिला: अधीनता शिकावी तर या माउलीकडून. फोरमन एवढे का वाळले, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

सुट्टीला पोरगी घरी आली. आईने सूप आणलं, नवऱ्याच्या गळ्यात रुमाल बांधला, डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली आणि थांबली.

“म्हणा,” ती मायेने म्हणाली.

“आ... आ...” त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. सुपाची वाफ विरत गेली.

“आई, भरव ना गं त्यांना.”

“घराचं मस्तक ते. त्यांचं आमेन झाल्याशिवाय मी घास कसा देऊ?”

“मी म्हणते आमेन.”

“तुला कोणी अधिकार दिला?”

पोरीने चमचा उचलला. तिला आईचा तो हात दिसला. तिने चमचा खाली ठेवला.

फोरमनने आयुष्यात पहिल्यांदाच आमेनच्या आधी डोळे उघडले. तो पोरीकडे बघत राहिला.

पोरीने हात जोडले आणि डोळे मिटून घेतले.